चुलीतला वीर

पनवेलजवळच्या कोन गावापुढे एका खेड्यामागे दगडी तळं आहे आणि तळ्याच्या काठावर एक वीरगळ, लढाईत पडलेल्या कुणा वीराचा कोरीव दगड. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी अर्धा तास तिथून हललो नव्हतो. खाली लढणारा वीर, मधे त्याला उचलून नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर. घरी येऊन मी फोटो टाकले आणि कौतुकाने वाटही सविस्तर लिहिली. गाडी थेट काठापर्यंत जाते, हेसुद्धा.

रविवारी लोकांना पनवेलच्या आसपासच्या जुन्या जागा दाखवायचा मला छंद होता. दिवाळी झाल्यावर खारघरची आठ-दहा माणसं घेऊन मी त्या तळ्यावर गेलो. सोबत पनवेलच्या बाजारातले कापडाचे एक मुसलमान दुकानदार होते. ते माझ्या प्रत्येक फेरीला यायचे.

गाडीचं दार उघडलं आणि आधी वास आला. पाण्यावर कोंबडीची पिसं, फुगलेला भात आणि लहान मुलांचे वापरलेले डायपर तरंगत होते. पायऱ्यांवर गुटख्याच्या पिचकाऱ्या. वीरगळ जागेवर नव्हता. कुणीतरी तो उपटून आडवा केला होता आणि बाजूला दोन दगड लावून त्याची चूल मांडली होती. अप्सरा काजळीने काळ्या झाल्या होत्या. वीराच्या तोंडावर चरबी थिजली होती आणि तिला माश्या चिकटल्या होत्या. मी झाडामागे जाऊन ओकलो.

परत आलो तर आमच्यातल्या एक बाई तळ्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होत्या. "या कोनातून कचरा दिसत नाहीये," त्या म्हणाल्या. मला त्यांचीही किळस आली.

एवढ्यात गावातली एक म्हातारी हातात शेंदराची पुडी घेऊन आली. चुलीपाशी थबकली.

"ह्यो आमचा बापदेव हाय," ती म्हणाली. "कोनी केलं ह्ये?"

"आम्ही नाही, आजी. आम्ही आत्ताच आलो."

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुमीच ना ते फोटूवाले? माझ्या नातवानं दाखवला व्हता फोनवर. तवापासून दर आयतवारी गाड्या येतात. आदी कोन येत नवतं इथं."

इतका वेळ जी किळस मला दुसऱ्यांची वाटत होती, ती आता मला स्वतःचीच वाटू लागली.

बाकीची मंडळी घड्याळं बघायला लागली. हायवेवर मिसळ खाऊ, असं ठरवून ती निघून गेली. दुकानदार मात्र थांबले. "तौबा, काय हालत केलीय," एवढंच म्हणून त्यांनी बाह्या दुमडल्या. आजीने घरून राख आणि नारळाची शेंडी आणून दिली. आम्ही दोघांनी दगड घासला, काठीने डायपर ओढून काढले. चरबी निघाली, काजळी काही निघेना. मी जोर लावून घासायला लागलो तशी आजी ओरडली, "बस करा! नाक जाईल त्याचं."

गावातल्या चौघांनी येऊन दगड उभा केला. आजीने काळ्या तोंडावरच शेंदूर लावला. मग ते सगळे आमच्याकडे न बघता निघून गेले.

घरी दोनदा आंघोळ केली तरी हातांचा वास जाईना. मी ते फोटो आणि वाट, सगळं पुसून टाकलं. मग दिसलं, त्या बाईंनी सकाळचे आपले फोटो टाकले होते, खाली माझीच वाट जशीच्या तशी उतरवून. मी फोन केला, काढून टाका म्हणून विनवलं.

"अहो, पण किती लोक विचारतायत!" त्या आनंदाने म्हणाल्या. "पुढच्या रविवारी माझी भिशी तिकडेच आहे."