मावसताईचा आवाज

माझ्या मावसताईएवढ्या मोठ्याने कविता म्हणणारी बाई अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात झाली नसेल. लोहारा गावातल्या घरात तिने ओळ उचलली की शेजारणींना स्वतःच्या कुकरची शिट्टी ऐकू येत नसे. कविता बसून वाचतात ते आजारी लोक, असं तिचं ठाम मत. कविता उभं राहून, हात फेकून, पाय आपटून करायची असते. एकदा बाजारात तिने वांग्यांवरच कविता सुरू केली, तेव्हा भाजीवाला हात जोडून म्हणाला, "ताई, वांगे तसेच घेऊन जा, पण माहे गिऱ्हाईक नोका पळवू." शाळाशाळांतून ती मुलांना हेच शिकवायची. तिला बोलवायला मुख्याध्यापक कचरत आणि मुलं तिच्या वाटेकडे डोळे लावून बसत.

मागच्या हिवाळ्यात तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर अक्षरही बोलायचं नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल. नेमकं त्याच महिन्यात बाभुळगावच्या शाळेचं स्नेहसंमेलन. ताईने मोबाइलवर लिहून माझ्यासमोर धरलं, "मी येऊन राह्यली." घरचे सगळे धास्तावले. पहारेकरी म्हणून मी तिच्यासोबत विंगेत उभा राहिलो.

तिच्याकडे शिकणारी सातवीतली एक मुलगी मंचावर आली, पहिली ओळ म्हणाली आणि थिजली. मागून कुणीतरी खिदळलं. पुढची ओळ ताईला पाठ होती. तिने तोंड उघडलं.

"ताई, नको!" मी तिचा दंड घट्ट धरला.

तिच्या गळ्याची शीर तटतटून फुगली होती. आता ही ओरडणार, संपलं सगळं, असं वाटलं. पण तिने ओठ मिटले, माझा हात झटकला आणि खाली वाकून, जमिनीतून काहीतरी उपटावं तसे दोन्ही हात वर नेले. पोरीने तिरक्या नजरेने पाहिलं. तिनेही तसेच हात वर नेले आणि हातांपाठोपाठ ओळ आली. मग पुढची. घामाघूम होईस्तोवर ताईने सबंध कविता हातांनी म्हटली.

आवाज परत आला, पण अर्धामुर्धाच. कार्यक्रम बंद झाले. शिकवणं तेवढं राहिलं. परवा मी विचारलं, "मंच आठवत नाही का गं?"

खिडकीबाहेर पाहत ती म्हणाली, "आठवते ना बापा. पण आता पोट्टे कान देऊन ऐकतात. पयले त्यायले नुसतं ऐकू ये."

मग ती हसली असावी. ते ऐकायला मला तिच्याजवळ सरकावं लागलं.