सदस्य अनुपस्थित

मढच्या शाळेत तो माझ्याच वर्गात होता. गणितात कच्चा, पण बोलायला लागला की गुरुजीही खडू खाली ठेवून ऐकत. पुढे तो आमदारकीला उभा राहिला, तेव्हा माझी आई त्याला मालाडच्या मासळीबाजारात घेऊन फिरली. "माझ्या पोरासारखा हाय," एकेका कोळणीला सांगत. तो निवडून आला आणि मी अंधेरीतली नोकरी सोडून त्याच्या कार्यालयात पत्रं लिहायला बसले. वाटलं, आपलं माणूस आत गेलं.

समुद्राकडेला आमची बोंबील वाळवायची जागा होती. कागद कुणाकडेच नव्हता. आजे-पणजे तिथेच बांबू रोवत आले होते. शेजारचा बंगला शूटिंगला भाड्याने जायचा. वास येतो म्हणून बंगल्याच्या मालकाने आमच्या जागेभोवतीच भिंत घातली आणि फाटकाला कुलूप लावलं.

मी सरकारी कचेऱ्या हिंडून माहिती काढली आणि विधानसभेत विचारायचा प्रश्न लिहिला. त्याने वाचून सही केली. "झकास लिहिलायस," म्हणाला.

प्रश्न लागला त्या दिवशी मी आईला प्रेक्षक गॅलरीत नेलं. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

अध्यक्षांनी त्याचं नाव पुकारलं. त्याची जागा रिकामी होती. "सदस्य अनुपस्थित," असं म्हणून ते पुढच्या प्रश्नाकडे वळले. अर्धा मिनिटही लागलं नसेल.

"आपला झाला काय?" आईने हळूच विचारलं.

"झाला," मी म्हणाले.

तिला खाली बाकावर बसवून मी त्याला शोधलं. तो कॅन्टीनमध्ये चहा पीत उभा होता.

"अगं, समजून घे ना. वरून फोन होता. पुढच्या अधिवेशनात घेऊ."

"आई आली होती रे ऐकायला."

"तिला काय कळतंय त्यातलं."

त्याच दिवशी मी काम सोडायला हवं होतं. सोडलं नाही. त्याने पक्ष बदलला, तेव्हा 'मतदारसंघाच्या विकासासाठी' हे निवेदन मीच लिहिलं. तो राज्यमंत्री झाला, तेव्हा सत्काराला त्याने केलेलं भाषणही माझंच. त्यात कोळ्यांच्या कष्टांवर दोन परिच्छेद होते आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर बोंबील वाळवायची. रिक्षांची धूळ बसायची, गिऱ्हाईक नाक मुरडायचं. शेवटी तिने धंदाच बंद केला.

गेल्या निवडणुकीत पक्षाने त्याचं तिकीट कापलं. अपक्ष उभा राहतो म्हणत तो आमच्या घरी आला, आईच्या पाया पडला.

"मावशी, बाजारात एकदा फिर माझ्यासोबत."

आईने त्याला पाणी दिलं. "मी आता बाजारात जात नाय," एवढंच म्हणाली. का जात नाही, हे त्याने विचारलंही नाही.

त्याचं डिपॉझिट गेलं. वस्तीत लोक म्हणाले, केलं ते भोगलं. मला नाही तसं वाटत. त्याने काय भोगलं? लाल दिव्यापासून परदेश दौऱ्यापर्यंत सगळं बघून झालं होतं.

महिन्याभराने नव्या आमदाराच्या कार्यालयातून फोन आला. पत्रं लिहिणारं अनुभवी माणूस हवं होतं. घरात दुसरं कमावतं कुणी नाही. मी हो म्हणाले.