तिरडीची ओढ

कलाबाईची गोष्ट सांगतो, पण मधात कोणी हसलं तं मी उठून जाईन. एटापल्लीकडच्या आमच्या गावातले अर्धे लोकं तिच्या हातावर जन्मले. मी बी. सुईणपण तिचं, जंगलातल्या मुळ्यांचं औषध बी तिचंच. म्हणूनच लोकं तिले भेत. जे हात जीव आणते ते नेऊ बी शकते, असं म्हणत.

आमच्याकडे म्हातारा मेला तं त्याची वेळ आली. जवान मेला का कोणीतरी करणी करून त्याले खाल्ला! कोणी, हे मेलेलाच सांगते म्हणते. तिरडी उचलली का तो खांदेकऱ्यांले खाणाऱ्याच्या दारात ओढत नेते.

मागच्या वर्षी श्रावण तापानं दोन दिवसात गेला. पंचविशीचा गडी, माझा दोस्त. तिरडीच्या पुढं मीच होतो. आईशप्पथ, ओढ लागली! तिरडी जाऊन थांबली कलाबाईच्या दारात. श्रावणचा बाप चैतू काठी घेऊन पुढं आला. "आजच्या आज गाव सोड, नाई तं जिती राहाची नाई!"

कलाबाई धान पाखडत होती. सूप बाजूले ठेवून उठली.

"श्रावण्या खोटं बोलणार नाई," म्हणे. "त्याची नाळ म्या कापली. पण या खांद्यांचा मले भरोसा नाई. बांधा डोळ्यावर दुपट्टे, तीनदा गोल फिरवा, मंग चाला. मेल्याले तुमच्या डोळ्याची काय गरज? पुन्हा माझ्याच दारात आला, तं मी चालली."

आम्ही दुपट्टे बांधले. फिरलो. पुन्हा ओढ लागली, त्याहून जोरात. मले वाटलं, झालं, बाईचं काम तमाम. तिरडी थांबली, दुपट्टा काढला, तं समोर माझंच घर! आंगणात माझी बायको दीपाली, आठ महिन्याची पोटुशी, भिताडाले धरून उभी होती.

चैतूची काठी तिच्याकडं वळली. कलाबाईच मधात उभी झाली अन् माझ्याकडं बोट केलं.

"खबरदार! या पोरीनं कोणाले खाल्लं नाई. जू मानेवर असलं तरी बैल आपल्या गोठ्याकडं जाते. हा बिरज्या पुढं होता, तो आपल्या घरी आला, बस. चैतू, पोराले माती दे आधी."

चैतू काठी टाकून खालीच बसला, अन् पोरासाठी ढसाढसा रडला.

आता खरं सांगतो. पहिल्या खेपेची ओढ श्रावणची नव्हती, माझी होती. आमचं पहिलं लेकरू कलाबाईच्या हातात थंड झालं होतं. तो राग मी दोन वर्षं पोटात घेऊन फिरून राह्यलो होतो.

महिन्यानं दीपालीले कळा सुरू झाल्या. मी पळत कलाबाईच्या दारात गेलो अन् सरळ तिच्या पायावर पडलो.

"माहीत आहे मले," म्हणे. "पाय सोड. घरी जाऊन पाणी तापव."