कौसामावशीचा दम

माझं अक्षर चांगलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घही नीट कळत नाही. चुका झाल्या असतील त्यांची आधीच माफी मागते. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर लिहिते आहे. तोंडानं सांगता आलं असतं तर लिहायला बसले नसते.

कौसामावशी काहीही उचलायच्या आधी थांबायची. पाण्याचा हंडा असो, सरपणाची मोळी असो, की कुणाचं रांगतं पोर असो. खाली बसायची, तोंड मिटायची, आणि तिचं पोट हळूहळू चहूबाजूंनी फुगायचं. मग सरळ उभी राहायची. ओझं उचललं असं वाटायचंच नाही. ती उठली आणि ओझं तिच्याबरोबर आलं, असं वाटायचं. गावातल्या पोरी तिची नक्कल करायच्या. गाल फुगवून खाली बसायच्या आणि खिदळायच्या. तिला ते दिसायचं. ती म्हणायची, "गाल न्हाई गं बायांनो, पोट. गालात हवा भरून काय पिपाणी वाजवायची हाय का?"

अंगानं ती अगदी किरकोळ होती. हात वाळल्या काडीसारखे. पण वीस वर्षं नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेलेली. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं काम तिनं वीस वर्षं केलं. नवरा वारला आणि तिचं जाणं बंद झालं, कारण टोळीत जोडी लागते; एकटा गडी चालवून घेतात, पण एकट्या बाईला कुणी घेत नाही. मागं एक म्हातारा बैल राहिला, आणि गावाच्या दूध संस्थेचं सभासदत्व राहिलं.

त्या सभासदत्वामुळं माझा आणि तिचा संबंध आला. संस्थेकडून कर्ज काढून आम्हाला जर्सी गाय घ्यायची होती. त्याला जामीनदार लागतो. माझे मालक चार घरी जाऊन आले, कुणी तयार होईना. मी कौसामावशीच्या घरी गेले खरी, पण उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. तिनंच विचारलं, "जामीन पायजे म्हणं तुला?" मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर संस्थेत आली. सचिव तिला म्हणाले, "मावशी, जामीन म्हणजे काय, कळतंय का?" ती म्हणाली, "कळतंय की. ही पडली तर मी उचलायचं." सगळे हसले. तिनं अंगठा उठवला.

गायीचं नाव चंद्री ठेवलं. एक वर्ष तिनं चांगलं दूध दिलं आणि हप्ते वेळेवर गेले. दुसऱ्या वर्षी पाऊसच झाला नाही. विहिरी आटल्या, कडबा संपला. शिरूरच्या रस्त्याला चारा छावणी उघडली, तेव्हा मी चंद्रीला आणि कौसामावशी तिच्या बैलाला घेऊन तिथं गेलो. माझे मालक, थोरले दीर, गावातले सगळे धडधाकट गडी ऊसतोडीला गेलेले. छावणीत आम्ही बाया आणि म्हातारे. ऊन, शेण, आणि टँकरची वाट बघणं.

त्या दिवसांत छावणीत एकाच शब्दाची भीती होती. बसलं. अमक्याचं जनावर बसलं, असं कानावर आलं की सगळ्यांचे चेहरे उतरायचे. अशक्त जनावर एकदा बसलं की त्याला स्वतःहून उठता येत नाही. बसून राहिलं की एका कुशीला सुजतं, पाय आखडतात, आणि दोन-तीन दिवसांत जातं. दिवसातून दोनदा माणसांनी धरून उभं केलं तरच आशा असते. पण उभं करायला गडी कुठं होते?

पहिल्यांदा एका म्हातारीची गाय बसली तेव्हा ती म्हातारी नुसती शेजारी बसून रडत होती. कौसामावशीनं दोन पोती मागवली, दोन लांब वासे मागवले. एक पोतं गायीच्या पुढच्या पायांमागून, एक मागच्या पायांपुढून पोटाखाली सारलं. पोत्यांची टोकं दोन्ही बाजूंच्या वाशांना बांधली. एका वाशाखाली चार बाया, दुसऱ्याखाली चार. वासा खांद्यावर घेऊन सगळ्यांनी एकदम उठायचं.

चारा वाटणारा एक जाडजूड माणूस होता. तो म्हणाला, "बायांचं काम हाय का हे? कंबरा मोडतील."

"तू बाजूला हो आधी," कौसामावशी म्हणाली. "तुझं पोट मधी येतंय."

पहिल्या वेळी गाय वीतभर उचलली गेली आणि आम्ही सगळ्या कोलमडलो. कुणी आधी उठली, कुणी मागं राहिली, मी तर उठलेच नाही. कौसामावशी चिडली नाही. तिनं वासे बाजूला ठेवले आणि त्या दुपारी आम्हाला बसायला शिकवलं. हो, बसायला. आम्ही जन्मभर चुलीपुढं, भांड्यांपुढं, शेणापुढं बसत आलेल्या बाया, आणि ती म्हणत होती, "बसताच येत न्हाई तुमाला, उठणार कशा?"

टाचा जमिनीला टेकलेल्या. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेला, आत वळू द्यायचे नाहीत. पाठ वाकवायची नाही. नजर समोर. प्रत्येकीच्या कमरेला तिनं जुन्या लुगड्याची पट्टी गच्च बांधली. मग म्हणाली, "आता नाकानं दम घ्या. छातीत न्हाई, खाली. त्या पट्टीला पोटानं ढकला. फुडून बी, बाजूनं बी, मागून बी. ढकलली? आता तोंड बंद. उभं ऱ्हाईपर्यंत दम सुटला न्हाई पायजे."

एक बाई लाल होईपर्यंत जोर लावत होती. कौसामावशी तिला म्हणाली, "अगं कुंथू नको! कुंथल्यावर समदा जोर खाली जातो. बाळंतपणात कुंथलीस तेवढं बास झालं. हितं चौकडून ताठ व्हायचं, माठावानी."

बाया हसून हसून लोळल्या. छावणीत हसू ऐकू आलं ते मला आठवतं तसं तेवढंच.

मला काही ते जमेना. कौसामावशीनं माझ्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "मंदे, तू तर पोट आत ओढतीस. दम कुठं भरणार?" खरंच होतं. लहानपणी आई म्हणायची पोट आत घे, पदर नीट कर. लग्न झाल्यावर सासूबाई म्हणायच्या. माझ्याकडून आपोआप तसंच व्हायचं. चारचौघांत पोट फुगवायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं वाटायचं. कौसामावशी म्हणाली, "पोट बाहेर येऊ दे गं. कोण बघतंय?" खरंच कुणी बघत नव्हतं. चौथ्या-पाचव्या दिवशी मला जमलं. पट्टी पोटाला करकचून लागली, पाठ एखाद्या खांबासारखी झाली, आणि खांद्यावरचा वासा हलका झाला. मी चकित झाले. माझ्यात एवढं बळ आहे हे मला माहीत नव्हतं.

त्यानंतर आम्ही पुष्कळ जनावरं उभी केली. उभं केल्यावरही वासा खांद्यावर धरून ठेवावा लागतो, जनावराच्या पायांत जीव येईपर्यंत. तेव्हा पोट ताठच ठेवायचं आणि वरच्या वर थोडा थोडा श्वास घ्यायचा. कौसामावशी म्हणायची, "चिमणी पाणी पिती तसा घ्या. का म्हून घाई करता?" दुसरी एक बाई जनावराचे पाय चोळायची. काही जनावरं वाचली. बरीचशी वाचली नाहीत. आज उभी केलेली उद्या पुन्हा बसायची, आणि परवा आम्ही वासे घेऊन जायचो तेव्हा डोळे उघडे असायचे आणि माशा बसलेल्या असायच्या. कौसामावशी तरी दुसऱ्या दावणीकडं वळायची. मी एकदा तिला विचारलं, कशाला एवढं करायचं, मरतातच ना शेवटी? तिनं वासा खांद्यावर घेतला आणि पुढं निघून गेली.

गुढीपाडवा जवळ आला आणि चंद्री बसली.

मी तिच्या डोक्याशी बसून राहिले. गाय गेली तर कर्ज राहणार होतं, आणि माझ्याच्यानं फिटलं नाही तर ते कौसामावशीच्या दारात जाणार होतं. तिच्याकडं त्या बैलाशिवाय काय होतं? हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ आम्ही चंद्रीला उभं केलं. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या पायावर थोडा वेळ अंग तोललं, ओला चारा खाल्ला. कौसामावशी म्हणाली, "पाय धरती बघ ही. अजून चार दिस."

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही वाशाखाली बसलो. मी पुढं होते, माझ्या पाठीमागं कौसामावशी. बसलेलं जनावर मागच्या अंगानं जास्त लोंबतं, म्हणून ती नेहमी मागं राहायची. तिनं आवाज दिला, आम्ही दम भरला, उठलो. अर्ध्यात आलो होतो. तेवढ्यात मला समोरून कुंपणाकडून माणसं येताना दिसली. टोळी परत आली होती. सगळ्यांत पुढं माझे थोरले दीर होते.

त्यांच्यासमोर मी कधी डोकं उघडं ठेवलं नव्हतं. वाशासाठी मी पदर कमरेला खोचला होता. पट्टी बांधून पोट पुढं काढून मी अर्ध्यात उभी होते. मी विचार केला नाही. विचार केला असता तर तसं झालं नसतं. माझा हात पदराकडं गेला, पोट आत गेलं, आणि दम सुटला.

वासा माझ्या खांद्यावरून सरकला. सगळं वजन मागं गेलं. कौसामावशीच्या पाठीत काहीतरी मोडल्याचा आवाज झाला, तो मी ऐकला. चंद्री कुशीवर पडली आणि तिच्या मागच्या पायांशी कौसामावशी.

गडी धावत आले. "काय झालं? काय झालं?" थोरले दीर विचारत होते. कौसामावशी पडल्या पडल्या म्हणाली, "काय न्हाई. माझाच पाय घसरला." मी डोक्यावर पदर घेऊन उभी होते. तेव्हाही मी बोलले नाही.

चंद्री दुपारी गेली. कौसामावशीला बीडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मणका सरकला आहे, मोठ्या गावी न्यावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. नेणार कोण? तिचा पुतण्या तिला घरी घेऊन आला. त्यानंतर ती उठून बसली नाही.

मी रोज भाकरी घेऊन जायचे. ती उताणी पडलेली असायची आणि तिचा श्वास वर, गळ्याजवळ चालायचा, लहान लहान. पोट हलायचंच नाही. मला ते बघवत नसे. संस्थेची नोटीस आली, एक माझ्या घरी आणि एक तिच्या घरी. तिनं पुतण्याला सांगून बैल बाजारात पाठवला. दुष्काळातला म्हातारा बैल, त्याचे काय येणार? आले ते संस्थेत भरले. बैल दारातून गेला तेव्हा तिनं विचारलं, "गेला का?" मी म्हटलं, "गेला."

त्या दिवशी मी धीर करून बोलले. "मावशी, तुमचा पाय घसरला न्हवता. माझा दम सुटला."

ती वर आढ्याकडं बघत होती. तशीच म्हणाली, "कोण आलतं गं तवा?"

"थोरले भावजी."

"मग काय," ती म्हणाली. "पदर घ्यावाच लागंल की."

हे तिनं मला समजून घेऊन म्हटलं, की टोचून म्हटलं, मला अजून कळलेलं नाही. तिच्या आवाजावरून काहीच कळत नव्हतं. मी विचारलं पाहिजे होतं. मी भाकरीचं फडकं घडी करत बसले. पुन्हा आमचं त्यावर बोलणं झालं नाही, आणि दिवाळीच्या आधी ती गेली.

त्या साली मालकांबरोबर मी ऊसतोडीला गेले. पुढच्या साली गेले, आणि त्याच्याही पुढच्या. मोळी डोक्यावर घेताना मी तिनं शिकवलं तसंच बसते. टाचा टेकवते, पट्टी बांधते, पोट बाहेर काढते. आता कुणीही समोर असलं तरी काढते. टोळीतल्या बाया म्हणतात, मंदाबाईला लई दम हाय. मला ते ऐकवत नाही. शिकले तेव्हा कुणी बघत नव्हतं. सगळे बघत होते तेव्हाच ते यायला पाहिजे होतं.

यंदा आम्ही हंगामावरून परत आलो आणि राहिलेले सगळे पैसे घेऊन मी स्वतः संस्थेत गेले. मालक म्हणाले मी भरतो, पण मी ऐकलं नाही. सचिव नवे आहेत, तरुण आहेत, बाहेरगावचे. त्यांनी पैसे दोनदा मोजले, कागद काढला, आणि जामीनदाराच्या नावावर बोट ठेवलं.

"ह्या कौसाबाई कोण तुमच्या?"

"वारल्या," मी म्हटलं.

"ते न्हवं. नात्यानं कोण?"

"कुणी न्हाई. गावातल्या."

"नात्यातल्या न्हाईत, मग तुमच्यासाठी जामीन कशा काय राहिल्या?"

खोलीत अजून दोन-तीन माणसं होती. सगळी माझ्याकडं बघत होती. मी पदर सारखा केला आणि खाली बघत उभी राहिले. सचिवांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग नावापुढं 'मयत' असं लिहिलं, कागदावर शिक्का मारला, आणि पावती माझ्या हातात दिली. पैसे पूर्ण फिटले होते.