मंदिरातली जागा

साताऱ्यातल्या त्या प्रार्थनामंदिराला शिखर नव्हतं, गाभारा नव्हता, मूर्ती तर नव्हतीच. ते बांधणाऱ्या भास्करराव वकिलांनी विलायतेत युनिटेरियन, म्हणजे एकच देव मानणाऱ्या ख्रिस्ती लोकांचं चॅपल पाहिलं होतं. तसाच लांबट काळ्या दगडाचा दिवाणखाना, उंच कमानीच्या खिडक्या, सागवानी बाकं त्यांनी इथं केली. वर मात्र आपली मंगलोरी कौलं. देव एक, माणसं सारखी, म्हणून आत यायला जातीची अट नव्हती.

हरिबा कांबळे महारवाड्यातला. त्याच्या बापानं या भिंतींचे दगड वाहिले होते. हरिबा तीस वर्षं मंदिर झाडत होता. रविवारी प्रार्थनेला तो भास्करराव वकिलांच्या शेजारी बसायचा. गावात दुसरीकडे कुठं त्याला असं बसता येत नव्हतं. त्याचा मुलगा अर्जुना याच बाकांवर अक्षरं गिरवून पलटणीत गेला.

चव्वेचाळीस साली, महायुद्धाच्या टंचाईत, मंदिर रेशनच्या धान्याचं कोठार म्हणून सरकारला दिलं गेलं. बाकं मागच्या पडवीत रचली, छतापर्यंत पोती लागली. प्रार्थना भास्कररावांच्या घरी होऊ लागली. हरिबाला कुणी बोलावलं नाही, तोही गेला नाही.

त्याच साली इटलीहून तार आली. अर्जुना लढाईत कामी आला होता.

हरिबा वकिलांकडे गेला. पोरासाठी रविवारी प्रार्थना करा, एवढंच त्यानं मागितलं. भास्करराव गहिवरले, लगेच हो म्हणाले. मग म्हणाले, "घरात आईचं सोवळं आहे, हरिबा. तू अंगणात बस. खिडकी उघडी ठेवतो, सगळं ऐकू येईल."

"मंदिरात तर म्या तुमच्या शेजारी बसत हुतो."

"ते मंदिर होतं."

रविवारी हरिबा आला, अंगणात उकिडवा बसला. आत भास्कररावांनी अर्जुनाचं नाव घेतलं. आपण सारी एका पित्याची लेकरं, असं ते म्हणाले. पुढचं ऐकायला हरिबा थांबला नाही. मंदिराची किल्ली ओट्यावर ठेवली आणि लेकीकडे उंब्रजला निघून गेला.

सत्तेचाळीस साली पोती हलली. उंदरांनी जमीन पोखरली होती, कौलं फुटली होती. भास्कररावांनी माणूस पाठवला, मंदिर झाडायला हरिबानं परत यावं म्हणून.

हरिबा गोठ्यात शेण भरत होता. काम न थांबवताच त्यानं विचारलं, "वकिलाच्या घरात आता बसू देत्यात का?"

त्या माणसानं नकारार्थी मान हलवली.

"मग मंदिर बी त्यांनीच झाडावं," हरिबा म्हणाला.