उंबरा

आमच्या गॅलरीसमोरची सरकारी क्वार्टर्स कित्येक वर्षं रिकामी पडली होती. भिंतींतून पिंपळ उगवले होते. मग एके दिवशी तळमजल्याच्या एका दारासमोर रांगोळी दिसली, आणि पुढे रोजच दिसू लागली. दोन मुलींना घेऊन एक बाई कुलूप तोडून तिथे राहायला आली होती.

"दुसऱ्याच्या घरात अशी कशी शिरलीस गं?" मी एकदा विचारलंच.

"कुणाचं आहे ते तरी सांगा, ताई. इथे साधा दिवा लागत नव्हता."

मला रागच आला. सोसायटीच्या तक्रारीवर मीही सही केली. कुलूप तोडणं गुन्हाच. पण घर रिकामं ठेवून सडू देणं कुठल्या कलमात बसतं, कोण जाणे.

काल सरकारी खात्याची माणसं आली आणि तिचं सामान रस्त्यावर काढलं. निघताना तिने उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं, मुलींना वाकायला लावलं. मग गवंड्याने त्याच उंबऱ्यावर विटा रचून दार बुजवलं.

नाशिकला आमचाही एक फ्लॅट आहे, अकरा वर्षं बंद. सकाळपासून आठवून पाहतेय. त्याला उंबरा आहे की नाही, तेच आठवत नाही.