साडूंचा पाइप

जालना जिल्ह्यात दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवण्यात आमच्या साडूंचा हात धरणारा दुकानदार आजवर झालेला नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं पाइपांचं दुकान होतं. नळाचे पाइप नव्हेत, यंत्रांचे. जाड, काळे, रबरी पाइप; पोटात पोलादी तारांची वेणीसारखी विणलेली जाळी, आणि त्यातून प्रचंड दाबानं धावणारं तेल. पाइप मापानं कापायचा, दोन्ही टोकांना लोखंडी फिटिंग घालायचं आणि ते यंत्रात आवळून पक्कं करायचं. या आवळण्याला क्रिंपिंग म्हणतात. इतर दुकानदार हे काम दहा मिनिटांत उरकत. साडूंची पहिली दहा मिनिटं नुसत्या चौकशीत जात. दाब किती? तेल किती तापतं? पाइप कुठं वाकतो? मशीन झटके मारतं का? गिऱ्हाइकाला वाटायचं, आपण पाइप घ्यायला नाही, मुलगी मागायला आलोय.

एकदा भोकरदनकडचा एक शेतकरी ट्रॅक्टरची ट्रॉली उचलणाऱ्या जॅकचा पाइप घ्यायला आला. साडूंनी विचारलं, "ट्रॉलीत काय भरता?"

"मका."

"अन् मक्यावर?"

"मक्यावर थोडी पोती."

"अन् पोत्यांवर?"

शेतकरी जरा घुटमळला. "मेव्हणा बसतो."

"ट्रॉली उचलताना उतरवता का त्याला?"

"झोपला असला तर न्हाई उठवत."

साडूंनी वरच्या फळीवरून एका जाळीऐवजी दोन जाळ्यांचा पाइप काढला आणि म्हणाले, "मेव्हण्याचं वजन धरून देऊन राह्यलो. पण उठवत जा त्याला."

त्यांचा खरा वैरी म्हणजे अर्धवट माहितीचं गिऱ्हाईक. पाइपावर वापरायचा दाब छापलेला असतो आणि पाइप फुटतो तो त्याच्या साधारण चौपट दाबाला. ही गोष्ट कुठूनतरी कानावर पडलेला माणूस यायचा आणि म्हणायचा, "दोनशे किलोचा पाइप आठशेला फुटतो ना? मंग पाचशेला चालवला तर काय बिघडलं?" साडू त्याला खुर्ची द्यायचे, पाणी द्यायचे आणि शांतपणे विचारायचे, "लग्नात एका बैठकीला चोवीस जिलब्या खाल्ल्या असतील तुम्ही. रोज खाता का?" मग त्याला पाइप न देताच हात जोडायचे. तो माणूस शेजारच्या दुकानातून तोच पाइप घेऊन जायचा. साडू दारात उभे राहून, एखादं पोर चुकीच्या गाडीत बसलेलं पाहावं तसे त्या पाइपाकडे बघत राहायचे.

घरीही तेच. कुकरला चौथी शिट्टी झाली की ते ताटावरून उठून स्वयंपाकघरात जाऊन उभे राहात. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तेव्हा मुलीकडे त्यांनी मान वर करून पाहिलं नाही. सगळं लक्ष ओट्याखालच्या गॅसच्या नळीवर. बाकीच्यांचे पोहे खाऊन होईपर्यंत ते बाजारात जाऊन नवी नळी आणून बसवून मोकळे. मुलीचे वडील भारावून म्हणाले, "अशा घरात पोरगी डोळे झाकून द्यावी." लग्न जमलं. माणसांचीही ते तशीच प्रतवारी लावत: हा एका जाळीचा, जरा ताण आला की फुगतो, तो दोन जाळ्यांचा. मला ते कायम दोन जाळ्यांचा म्हणत.

पण आता सांगायचं आहे ते वेगळं. मी तेव्हा एका पोलाद कारखान्यात मेंटेनन्सला नवीनच लागलो होतो. तिथं भंगार दाबून त्याचे गठ्ठे करणारी मोठी प्रेस होती. तिचे पाइप साडूंकडून यायचे. ओळख मीच करून दिलेली. शेठना गठ्ठे अजून घट्ट हवे होते. दाब ठरलेल्या आकड्यावर रोखणारा एक वॉल्व्ह असतो; तो आवळला की दाब वाढतो. शेठनी मला तो आवळायला सांगितला नव्हता. मीच आवळला, दोन आटे, शाबासकीसाठी. चार दिवस गठ्ठे असे झाले की शेठनी माझ्या पाठीवर थाप मारली. पाचव्या दिवशी पाइप मधोमध फुटला आणि पाहणीला आलेल्या शेठच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांवर तेलाचा फवारा बसला. कोणाला इजा झाली नाही, हे माझं नशीब. शेठ ओरडत होते, "किसका पाइप है? बुलाओ उसको!" साडू स्कूटरवरून येईपर्यंत मी वॉल्व्ह गुपचूप दोन आटे सैल करून होता तसा केला.

साडू आले. पाइप उचलून त्यांनी डोळ्यांजवळ नेला. क्रिंपिंग ढिलं असतं, तर पाइप फिटिंगमधून निसटला असता. फिटिंग केसभरही हललं नव्हतं. तारा मधोमध तुटल्या होत्या, म्हणजे दाब हद्दीबाहेर गेला होता. हे जिल्ह्यात कोणाला कळलं नसतं तरी त्यांना कळणारच होतं. त्यांनी एकदा प्रेसकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग शेठना म्हणाले, "क्रिंपिंग माझंच ढिलं राह्यलं असंल."

पाइपाच्या बाबतीत आयुष्यात ते एवढं एकच खोटं बोलले. मी शेजारी उभा होतो. मी मान डोलावली.

कारखान्याचं काम तुटलं. वसाहतीत बातमी फिरली आणि बाकीच्यांनीही हात आखडले. वर्षभरात साडूंनी ते दुकान बंद केलं आणि परतूरला बाजाराजवळ गाळा घेऊन फवारणीच्या पंपांच्या नळ्या विकायला लागले. मी त्याच कारखान्यातून हार घालून निवृत्त झालो. आमच्या नात्यात 'साडूचा पाइप' ही म्हण होऊन बसली. कोणाचं काही फसलं की म्हणायचं, साडूचा पाइप झाला. मीही हसायचो.

गेल्या महिन्यात त्यांच्या घरी नवी नातसून आली. पंगतीत मेहुणी तिला सांगत होती, "आमच्या ह्यांचं एक क्रिंपिंग ढिलं राह्यलं, अन् आम्ही जालन्याहून इथं येऊन पडलो." नातसून नवऱ्याच्या आजोबांकडे बघून हसली. साडूही हसले आणि ताटात बघू लागले. या वेळी मी हसलो नाही.

म्हणून लिहून ठेवतो. तो पाइप साडूंच्या चुकीनं फुटला नाही. माझ्यामुळं फुटला.

लिहिण्याआधी परवा परतूरला जाऊन आलो. साडू ओसरीत बाकावर बसले होते. मी उभ्यानंच म्हणालो, "साडूभाऊ, त्या दिवशी वॉल्व्ह मी आवळला होता."

"ठाऊक हाय की," ते म्हणाले. "नटावरचा रंग उडाल्ता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही नवेच लागल्ते. लेकरं लहान." मग म्हणाले, "माझं जाऊ द्या. हिला सांगा. हिनं लई मनाला लावून घेतलं."

मेहुणी चहा घेऊन आली होती. तिला सांगणं सगळ्यात अवघड होतं. सांगितलं. तिनं कप खाली ठेवले. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही. नवऱ्याला म्हणाली, "मला का न्हाई सांगितलं?"

"तू आक्काला बोलली असती. मंग तुम्हा दोघी बहिणींचं तुटलं असतं."

ती बाकावर त्यांच्या शेजारी जाऊन बसली. त्यांची कॉलर एका बाजूनं दुमडली होती, ती सरळ केली, आणि हात तिथंच राहू दिला. मी उभ्यानंच चहा संपवून निघालो. "बसा दाजी" असं कोणी म्हणालं नाही, आणि ते बरोबरच होतं.

पायरीवर आलो तेव्हा आतून तिचा आवाज आला, "पाइप फुटला त्या रात्री तुम्ही उपाशी झोपल्ते."

"तू वाढलंच नव्हतं."

मग दोघंही हसले. आधी ते, मग ती. ते हसणं थांबेपर्यंत मी एकाच पायात चप्पल घालून बाहेर उभा होतो.